राजकन्येची जप्त झालेली अंगठी

जुलै १९११ मध्ये इंग्लंडच्या मिडलसेक्स परगण्यातील ॲशफर्ड येथे सात हिऱ्यांची एक अंगठी लिलावात निघाली. सरकारी वसुलीसाठी ती जप्त करण्यात आली होती. चित्रकार लुईझ जॉपलिंग-रो यांनी ती दहा पौंडांना विकत घेतली आणि तिथेच मूळ मालकिणीला परत केली. मालकीण होत्या राजकन्या सोफिया दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंग यांच्या नात.

या घराण्याला दागिने हिरावले जाण्याचा अनुभव नवा नव्हता. सोफियांचे वडील दुलीपसिंग दहा वर्षांचे असताना, १८४९ च्या लाहोर तहान्वये त्यांचे राज्य गेले आणि कोहिनूरही. पुढे इंग्लंडमध्ये आणले गेलेले हे महाराज १८९३ मध्ये पॅरिसमध्ये निवर्तले. १८७६ मध्ये जन्मलेल्या सोफिया राणी व्हिक्टोरियांच्या धर्मकन्या. राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासमोरील फॅरेडे हाउस राहावयास दिले. उंची पोशाख, सायकल, कुत्र्यांची प्रदर्शने यांतच त्यांचे तारुण्य रमले होते.

१९०६-०७ च्या हिंदुस्थान भेटीने त्यांची दृष्टी पालटली. लाहोरात लाला लजपत राय आणि आपले गोपाळ कृष्ण गोखले यांची भेट झाली आणि स्वराज्याच्या मागणीविषयी त्यांच्या मनात सहानुभूती निर्माण झाली. इंग्लंडला परतल्यावर मात्र त्यांनी लढा निवडला तो स्त्रियांच्या मताधिकाराचा. १९०९ मध्ये त्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेत दाखल झाल्या. १८ नोव्हेंबर १९१० रोजी संसदेकडे निघालेल्या शिष्टमंडळाच्या अग्रभागी त्या होत्या. त्या दिवशी पोलिसांनी महिलांना इतकी अमानुष वागणूक दिली की तो शुक्रवार काळा शुक्रवार म्हणूनच ओळखला जातो. पुढच्याच वर्षी पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या मोटारीपुढे त्यांनी स्वतःला झोकून दिले.

चळवळीतील ज्या महिलांना होलोवे तुरुंगात जावे लागले, त्यांना सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी रेखाटलेला ब्रोच मिळे: संसदेचे चिन्ह असलेले जाळीदार द्वार आणि त्यावर कैद्यांच्या गणवेशावरील बाण, जांभळ्या, पांढऱ्या व हिरव्या रंगांत. राणीच्या धर्मकन्येला कोठडीत डांबणे सरकारला परवडणारे नव्हते. सोफियांना तुरुंगवास कधीच घडला नाही. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला, करबंदीचा. मत नाही तर कर नाही, ही विमेन्स टॅक्स रेझिस्टन्स लीगची भूमिका होती. त्या काळी पुरुष नोकर, घोडागाडी, कुत्रा बाळगण्यासाठीही वार्षिक परवाना शुल्क भरावे लागे. सोफियांनी ते भरण्यास साफ नकार दिला. सरकार वस्तू जप्त करी, लीगच्या सभासद लिलावात गर्दी करत, वस्तू सोडवून घेत आणि तेथेच मताधिकाराची सभा भरे. सरकारी वसुलीचेच व्यासपीठ बनवण्याची ही युक्ती मला दगडफेकीपेक्षा अधिक परिणामकारक वाटते.

डिसेंबर १९१३ मध्ये पुन्हा तेच घडले. या वेळी दंड साडेबारा पौंडांचा. १३१ मोत्यांचा कंठा आणि मोती-हिरे जडवलेली सोन्याची बांगडी ट्विकनहॅम येथे लिलावात गेली. लीगच्या सभासदांनी कंठा दहा पौंडांना आणि बांगडी सात पौंडांना घेतली. एवढ्या मोत्यांना दहा पौंड ही किंमत जवाहिऱ्याच्या हिशेबात बसणारी नव्हे. पण त्या दालनात मोल मोत्यांचे होतच नव्हते.

महायुद्ध सुरू झाल्यावर सोफियांनी परिचारिकेचा गणवेश चढवला आणि जखमी हिंदी सैनिकांची शुश्रूषा केली. १९१८ मध्ये तिशीपुढील, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क यायला १९२८ उजाडले. भारतीय पारपत्रावर राहूनही ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींना, मतपेटीपाशी उभे असताना, एका हिंदी राजकन्येचा हा वाटा ठाऊक असतो?

२२ ऑगस्ट १९४८ रोजी बकिंगहॅमशरमध्ये त्यांचे निधन झाले. दहन शीख विधीने व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. बहीण बांबा यांनी त्यांच्या अस्थी लाहोरला नेल्या. लंडनच्या संसद चौकातील मिलिसेंट फॉसेट यांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर, चळवळीतील सहकाऱ्यांच्या रांगेत, सोफियांचाही चेहरा २०१८ पासून कोरलेला आहे.