प्रकाशाचा हिशेब मांडणारे गुरुजी

आज मी तुम्हाला थोर शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांची माहिती सांगणार आहे. बोस म्हटलं की आपल्याला नेताजी सुभाषचंद्र आठवतात, नाहीतर वनस्पतींवर प्रयोग करणारे जगदीशचंद्र. हे तिसरे बोस. जगदीशचंद्र तर यांचे कॉलेजातले गुरू होते.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेत नोकरीला होते. घरात सहा बहिणी आणि हे एकटे भाऊ, तेही सगळ्यांत थोरले. गणितात ते फार हुशार होते. शाळेत एकदा शिक्षकांनी त्यांना १०० पैकी ११० गुण दिले, अशी गोष्ट सांगतात. कारण त्यांनी गणितं एकापेक्षा जास्त रीतींनी सोडवली होती. १९१५ साली एम. एस्सी. ला ते पहिले आले आणि त्यांचे मित्र मेघनाद साहा दुसरे आले.

पुढे दोघेही कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. तेव्हा युरोपात एक नवं विज्ञान सुरू झालं होतं. १९०० साली जर्मनीतल्या माक्स प्लांक यांनी मांडलं, की तापलेली वस्तू ऊर्जा सलग देत नाही, ठरावीक भागांत देते. दुकानात साखर सुटी न मिळता फक्त पुड्यांतच मिळावी, तसं. त्या एका पुडीला क्वांटम म्हणतात. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी सांगितलं, की प्रकाश हाच अशा पुड्यांचा बनलेला आहे असं मानता येतं.

हे शिकवायला कलकत्त्यात कोणी नव्हतं. पुस्तकं होती ती जर्मन भाषेत. मग काय केलं? या दोघा मित्रांनी जर्मन भाषा शिकायला घेतली. ब्रूल नावाचे एक प्राध्यापक होते, त्यांच्याकडून पुस्तकं मागून आणली आणि आपलं आपण वाचली. म्हणजे आपल्या देशात या विषयाचे पहिले शिक्षक हे आधी स्वतःच नवशिके विद्यार्थी होते बरं का!

१९२१ साली सत्येंद्रनाथ ढाक्याच्या विद्यापीठात गेले. तिथे प्लांक यांचं सूत्र शिकवताना एक अडचण आली. सूत्र बरोबर होतं, प्रयोगाशी जुळत होतं. पण ते सिद्ध करताना अर्धे नियम जुने आणि अर्धे नवे वापरावे लागत. पाठ करून पुढे जाता आलं असतं. पण जे आपल्यालाच नीट पटत नाही ते मुलांना कसं सांगायचं? म्हणून ते त्याच पायरीवर थांबले.

त्यांनी मोजायची रीतच बदलली. ती समजावी म्हणून मी दोन डब्या आणि दोन गोट्या घेतल्या, एक लाल आणि एक निळी. त्या किती तऱ्हांनी ठेवता येतात? दोन्ही पहिल्या डबीत. दोन्ही दुसऱ्या डबीत. लाल पहिलीत, निळी दुसरीत. किंवा निळी पहिलीत, लाल दुसरीत. झाल्या ४ तऱ्हा. आता समजा, गोट्यांत रंगाचा, वजनाचा, कसलाच फरक नाही, आणि त्यांवर खूणही करता येत नाही. मग शेवटच्या दोन तऱ्हा एकच होतात. उरल्या ३. प्रकाशाचे कण असेच आहेत. सत्येंद्रनाथांनी असा हिशेब मांडला आणि जुन्या नियमांचा आधार न घेता प्लांक यांचं सूत्र सरळ मिळालं.

त्यांचा लेख होता जेमतेम चार पानांचा. ४ जून १९२४ रोजी त्यांनी तो थेट आइन्स्टाइन यांना पाठवला. तेव्हा ते ३० वर्षांचे होते. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर करून त्याच वर्षी छापून आणलं. हीच रीत त्यांनी पुढे अणूंनाही लावली. अतिशय थंड केलेले अणू सगळे मिळून एकाच अवस्थेत जातील, असं त्यातून निघालं. ते प्रत्यक्षात दिसायला १९९५ साल उजाडलं. अमेरिकेत तो प्रयोग झाला आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. बोस यांना मात्र नोबेल मिळालं नाही. पण या हिशेबात बसणाऱ्या कणांना जगभर बोसॉन म्हणतात. त्या नावात ते आहेतच.

सत्येंद्रनाथांना इंग्रजी, जर्मन, फ्रेंच भाषा येत होत्या. तरी विज्ञान आपल्या भाषेत शिकवावं, असं त्यांचं ठाम मत होतं. १९४८ साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक सुरू केलं. रवींद्रनाथ टागोरांनी आपलं ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचं पुस्तक १९३७ साली त्यांनाच अर्पण केलं होतं. ते एसराज हे वाद्यही वाजवत. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, १९५९ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचं निधन झालं.

पालकांनो, आमच्या वर्गाचा पट दरवर्षी कमी होतो आहे. मराठी शाळेत राहून पुढे विज्ञान जमेल का, अशी काळजी तुम्हाला वाटते. आम्ही इंग्रजी शिकूच, लागली तर जर्मनही शिकू. सत्येंद्रनाथही शिकलेच की! पण गोट्यांचा हिशेब मला मराठीतच कळला, आणि कळल्यावर तो मी घरी आजीलाही समजावून सांगितला.

मित्रांनो, पुस्तकातली एखादी पायरी पटली नाही तर ती गाळून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा, बाईंना विचारा, गोट्या घ्या आणि मोजून बघा. अशा या थोर गुरुजींना माझा नमस्कार.

— इयत्ता सातवी