इंजिन मागे नेणारे जॉन कूपर

कूपर म्हटले की मुंबईकराला विलेपार्ल्याचे रुग्णालय आठवते आणि सातारकराला इंजिनांचा कारखाना. रस्त्यावरून एखादी ठेंगणी, गोलसर मिनी मोटार गेली आणि तिच्या पाठीवर हेच नाव दिसले, तर तेही कोणा पारशी गृहस्थाचे असावे असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ते लंडनलगतच्या सर्बिटन येथील एका गॅरेजवाल्याच्या मुलाचे आहे. एका यंत्रासाठी घडवलेले इंजिन उचलून दुसऱ्यात बसवायचे, या एकाच उद्योगातून त्याने मोटार शर्यतींचे रूप पालटून टाकले.

जॉन कूपर यांचा जन्म १७ जुलै १९२३ चा. वडील चार्ल्स हे शर्यतींच्या गाड्यांची निगा राखणारे कसबी मेकॅनिक. जॉन यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि हत्यारे घडविण्याच्या कामावर उमेदवारी पत्करली. महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये पेट्रोलपासून पोलादापर्यंत सर्वच गोष्टींची टंचाई होती. शर्यतींच्या हौशी मंडळींनी त्यावर तोडगा काढला, तो ५०० सीसीच्या स्वस्त गाड्यांचा. १९४६ मध्ये जॉन आणि त्यांचे मित्र एरिक ब्रँडन यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या इटालियन मोटारीचे दोन पुढचे भाग मिळवले आणि ते पाठीला पाठ लावून जोडले. इंजिन घेतले जेएपी कंपनीचे, मोटारसायकलचे.

ते इंजिन त्यांनी चालकाच्या पाठीमागे ठेवले. यामागे कोणताही थोर सिद्धांत नव्हता. मोटारसायकलचे इंजिन साखळीने मागचे चाक फिरवते. ते चाकाजवळ ठेवणे सोयीचे, एवढेच. मागे इंजिन ही कल्पनाही नवी नव्हती. जर्मनीच्या ऑटो युनियनने तीसच्या दशकात अशा बलाढ्य गाड्या धावविल्या होत्या, पण पुढे तो मार्ग जवळजवळ ओस पडला होता. सर्बिटनच्या बापलेकांनी मात्र या गाड्या बनवून विकायला सुरुवात केली. १९४८ मध्ये अठरा वर्षांच्या स्टर्लिंग मॉस यांनी त्यातलीच एक घेतली.

पुढची अदलाबदल अधिक नवलाची. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीने ब्रिटिश सरकारसाठी आग विझविण्याच्या पंपाचे एक हलके इंजिन तयार केले होते. पंप माणसांना उचलून न्यायचा, म्हणून वजन कमी. पाणी भराभर फेकायचे, म्हणून ताकद भरपूर. हे दोन्ही गुण शर्यतीलाही हवेच असतात! या इंजिनाची १०९८ सीसीची शर्यती आवृत्ती कूपरच्या गाडीत चालकामागे बसली. कंपनीने नंतर खास शर्यतीसाठी मोठे इंजिन बनवले, तेही तिथेच बसले. गिअरबॉक्सचा प्रश्न होता. सित्रोएनच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचा गिअरबॉक्स उलटा फिरवून, त्यात फेरफार करून तो सोडविला गेला. जुगाड हा शब्द सर्बिटनमध्ये ठाऊक नसेल, कला मात्र तीच.

तोवर सोयीपोटी केलेल्या या मांडणीचे खरे मोल दिसू लागले होते. इंजिन मागे गेल्याने चालकाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट नाहीसा झाला. चालक खाली बसू लागला, गाडी बुटकी झाली, वाऱ्याचा अडथळा घटला. वजन मधोमध आल्याने वळणे सुलभ झाली, टायर कमी झिजू लागले.

१९ जानेवारी १९५८ रोजी अर्जेंटिना ग्रां प्रीमध्ये याची कसोटी लागली. खासगी संघमालक रॉब वॉकर यांची दोन लिटरहून किंचित लहान इंजिनाची कूपर घेऊन मॉस फेरारीच्या २.४ लिटर इंजिनांसमोर उतरले. कूपरची चाके चार नटांनी बसवलेली. टायर बदलण्यात वेळ गेला असता, तर शर्यत तिथेच संपली असती. संघाने टायर बदलण्याच्या तयारीचे सोंग केले आणि मॉस न थांबता धावत राहिले. शेवटी टायरमधले कापड दिसू लागले होते. ते २.७ सेकंदांनी जिंकले. मागे इंजिन असलेल्या गाडीने जागतिक अजिंक्यपद मालिकेतील शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

१९५९ आणि १९६० अशी दोन्ही वर्षे जॅक ब्रॅबहॅम कूपरच्या गाडीतून जगज्जेते ठरले. १९६१ पासून पुढे इंजिन असलेल्या गाडीने या मालिकेतील एकही शर्यत जिंकलेली नाही. मोठमोठ्या कारखान्यांना एका गॅरेजच्या मागे जावे लागले. पण अनुकरण करणारे लवकरच सरस ठरले. लोटस आणि फेरारी पुढे निघून गेल्या. कूपरची आघाडी दोनच वर्षांत ओसरली.

त्याच सुमारास जॉन यांनी मित्र अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या मिनीकडे मोर्चा वळविला. इसिगोनिस यांच्या लेखी ती सामान्य कुटुंबाची गाडी होती. जॉन यांना तीत शर्यत दिसली. ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्तीचे इंजिन आले, पुढे डिस्क ब्रेक आले आणि १९६१ मध्ये मिनी कूपर बाजारात उतरली. १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली मिनी कूपरच्या अधिक ताकदीच्या ‘एस’ आवृत्तीने जिंकली.

इंजिनांचा हा ध्यास एकदा जिवावर बेतला. १९६३ मध्ये जॉन यांनी एक इंजिन पुढे आणि दुसरे मागे अशी दोन इंजिनांची मिनी तयार केली. ती स्वतः चालवीत असताना किंग्स्टन बायपासवर भीषण अपघात झाला. ते जबर जखमी झाले. संघाची सूत्रे काही काळ केन टिरेल यांना सांभाळावी लागली. पुढच्याच वर्षी वडील गेले. १९६५ मध्ये जॉन यांनी संघ विकला. मासेरातीचे व्ही-१२ इंजिन बसवून या संघाने नव्या मालकांच्या काळात आणखी दोन शर्यती जिंकल्या. १९६९ मध्ये तो बंद झाला. ग्रां प्रीतील एकूण विजय सोळा.

जॉन यांनी नंतरची वर्षे ससेक्सच्या किनाऱ्याजवळ काढली. २४ डिसेंबर २००० रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यूने नवी मिनी बाजारात आणली, तेव्हा तिच्या एका आवृत्तीला पुन्हा कूपर हेच नाव दिले. या गाडीचे इंजिन मात्र पुढे आहे.