कै. बाबा पदमनजी व त्यांची यमुना

ज्या घरांत नुकतेंच मरण येऊन गेलें, तेथें काय बोलावें हें उपदेशकास पुष्कळदां सुचत नाहीं. शोक करणारी जर तरुण विधवा असेल, तर तिच्या पुढल्या आयुष्याचा विषय काढण्याचें धैर्य फारच थोड्यांस होतें. हें धैर्य ज्यांनीं फार वर्षांपूर्वीं दाखविलें, त्या बाबा पदमनजींचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

बाबांचा जन्म सन १८३१ मध्यें बेळगांव येथें कासार जातीच्या कुटुंबांत झाला. घरीं देवधर्म मोठ्या निष्ठेनें चाले. बेळगांवच्या मिशनशाळेंत व पुढें मुंबईस त्यांचें शिक्षण झालें. मुंबईंत ते परमहंस सभेचे सभासद झाले. ही सभा जातिभेद मानीत नसे. परंतु आपलें कार्य ती गुप्त ठेवी, आणि तेथें बाबांच्या जिवास शांति लाभली नाहीं. शेवटीं सन १८५४ च्या सप्टेंबरांत बेळगांव येथें त्यांनीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं बाप्तिस्मा घेणें म्हणजे आप्तांस जिवंतपणीं अंतरणें होय.

सन १८५६ त सरकारनें विधवाविवाहाचा कायदा केला. कायद्यानें वाट मोकळी केली, तरी लोकांचीं मनें मोकळीं झालीं नाहींत. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत विधवेचें केशवपन होई, तिचें तोंड पाहणें अशुभ मानीत, आणि पतीचें मरण हें तिच्याच पापाचें फळ समजत. पुढल्याच वर्षीं, म्हणजे सन १८५७ त, बाबांनीं 'यमुनापर्यटन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठींतील पहिली कादंबरी ती हीच, असें पुष्कळ विद्वान मानितात.

यमुना ही शिकलेली मुलगी; विनायकराव तिचा पति. दोघांचें एकमेकांवर खरें प्रेम होतें, आणि दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे होता. प्रवासांत त्यांस ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें दिसतात. मग तेंच दुःख यमुनेच्या दारीं येतें. विनायकराव मरण पावतो, आणि ज्यांच्याकरितां तिचें मन कळवळलें त्यांतलीच ती एक होते. पुढें ती प्रभूची शिष्या होते व एका ख्रिस्ती गृहस्थाशीं विवाह करिते.

ह्या कथेचें मर्म काय? दुसरें घर मांडणें म्हणजे पहिल्या प्रेमाचा विसर पडणें नव्हे, आणि वैधव्य ही देवानें दिलेली शिक्षा नव्हे. शास्त्रांतील रूथेकडे पाहा. तिच्यासाठीं नवें घर शोधणारी नामी ही तिची सासूच होती. मेलेल्या मुलाची आई होती. बवाजाच्या घरीं रूथ नांदली, व तिच्या वंशांत दावीद राजा झाला. नामीनें आपला शोक सुनेच्या पायांतील बेडी होऊं दिला नाहीं.

पुढें बाबांनीं कांहीं वर्षें पाळकाचें काम केलें, 'सत्यदीपिका' हें पत्र चालविलें, नव्या करारावर टीका लिहिली, आणि 'अरुणोदय' ह्या नांवानें आत्मचरित्र लिहिलें. त्यांचीं लहानमोठीं पुस्तकें शंभरावर आहेत. सन १९०६ मध्यें त्यांस देवाज्ञा झाली.

बंधुभगिनींनो, कायदा होऊन व हें पुस्तक निघून दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तरी लग्नाच्या मांडवांत विधवेस मागें बसविण्याची खोड आपणांतून गेली काय, हें प्रत्येक मंडळीनें स्वतःस विचारावें. शोकाच्या घरीं गेल्यावर प्रथम रडणाऱ्याबरोबर रडावें; उपदेशाची घाई करूं नये. दिवस गेल्यावर, विधवा बहिणीस नवा संसार करावासा वाटला तर तिला दोष लावूं नये, आणि नको वाटला तर आग्रह करूं नये. तिची वाट ती व तिचा प्रभु ठरवितील. आपण नामीसारखें होऊन तिला आशीर्वाद द्यावा, हेंच आपलें काम.