महाराष्ट्राची सगळ्यात गाजलेली ‘बाई’

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गेलात आणि नाटक सुरू व्हायला वेळ असला, तर मोबाइलमधून मान वर काढून तिथली दोन मोठी तैलचित्रं नक्की बघा. गोपाळ देऊसकरांनी काढलेली आहेत. एकात पुरुषाच्या वेषातले बालगंधर्व, दुसऱ्यात स्त्रीच्या भूमिकेतले. फर्स्ट इयरला असताना मी पहिल्यांदा ती बघितली, तेव्हा सोबतची मैत्रीण म्हणाली होती, या त्यांच्या मिसेस का गं? मी हसले, पण खरं सांगायचं तर मलाही शंभर टक्के खात्री नव्हती.

आता मीडियाच्या अभ्यासात ‘जेंडर रिप्रेझेंटेशन’ नावाचा टॉपिक आहे. बाई कशी दिसते, कशी चालते, कशी रडते हे जाहिराती आणि सिनेमे ठरवतात वगैरे. उदाहरणं मात्र सगळी परदेशातली. तेव्हा मला ही दोन चित्रं आठवत राहिली. कारण आपल्याकडे तर शंभर वर्षांपूर्वी एका पुरुषाने हे काम केलं होतं आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं होतं.

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888. मूळ गाव सांगलीकडचं नागठाणे. लहान वयातच आवाज असा, की लोकमान्य टिळकांनी गाणं ऐकून ‘बालगंधर्व’ हे नाव दिलं असं सांगतात, आणि तेच आयुष्यभर चिकटलं. गाण्यातले गुरू भास्करबुवा बखले. 1905 मध्ये शाहू महाराजांच्या शब्दावर तो किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. कंपनीला त्याची गरज होतीच. त्यांचे स्टार भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले होते आणि ‘नायिके’ची जागा रिकामी होती.

इथे एक मिनिट थांबू या. नायिकेची जागा पुरुषाने भरायची, यात तेव्हा कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. घरंदाज बाईने स्टेजवर उभं राहणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. बायकांच्या स्वतःच्या नाटक मंडळ्याही होऊन गेल्या, पण त्यांच्याकडे प्रतिष्ठित समाज नाक मुरडूनच बघायचा. म्हणजे बाईची गोष्ट सांगायची, पण बाईने नाही सांगायची. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख आहे. लिहिणारा पुरुष, स्टेजवर शारदा होऊन गाणाराही मुलगाच. खऱ्या शारदा प्रेक्षकांत, बायकांच्या वेगळ्या जागेत बसून ऐकत असणार.

नारायणने पहिल्यांदा शकुंतला केली आणि मग मागे वळून बघितलंच नाही. 1911 मध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये श्रीमंत, तोऱ्यातली भामिनी. 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत स्वतःची गंधर्व नाटक मंडळी. 1916 मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी. उंची शालू, खरे दागिने, थिएटरभर अत्तराचा वास. खर्चाला धरबंधच नसायचा. पुढे कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा बालगंधर्वांनी ते सगळं एकट्याच्या डोक्यावर घेतलं आणि कित्येक वर्षं खेळ करून फेडलं.

प्रेक्षकांमधल्या बायका त्यांच्याकडे बघून शिकायला लागल्या. पदर कसा घ्यायचा, गजरा कसा माळायचा, कुठला दागिना कशावर. त्या काळातल्या आठवणींमध्ये हे पुन्हा पुन्हा येतं. त्यांचे फोटो विकले जायचे, जाहिरातींसाठीसुद्धा त्यांचा चेहरा वापरला गेला. आजच्या भाषेत सरळ इन्फ्लुएन्सरच. फरक एवढाच, की घरोघरच्या बायका ज्या ‘आदर्श बाई’सारखं दिसायला बघत होत्या, ती बाई प्रयोग संपल्यावर लुगडं सोडून धोतर नेसत होती.

मला यात आधी मजाच वाटली होती. जेंडर हे जन्मतः मिळत नाही, ते रोज ‘परफॉर्म’ केलं जातं असं आम्ही वर्गात शिकतो, आणि इथे एक माणूस ते तिकीट लावून सिद्ध करत होता! पण मग ‘एकच प्याला’ वाचलं आणि मजा थोडी कमी झाली.

गडकऱ्यांचं हे नाटक 1919 मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा गडकरी नुकतेच गेले होते. बालगंधर्वांनी सिंधू केली. नवरा सुधाकर दारूत बुडालेला, घर धुळीला मिळालेलं, आणि सिंधू दळणं दळून संसार रेटते. शालू-दागिन्यांची सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. नटाच्या बाजूने बघितलं तर केवढं धाडस! सिंधू शेवटी नवऱ्याच्याच मारामुळे मरते, आणि मरताना त्याच्यावर बालंट येऊ नये म्हणून खोटं बोलते. थिएटर रडायचं. मी हॉस्टेलवर रात्री वाचत होते, मलाही रडू आलं, आणि त्याचाच राग आला. मार खाऊन नवऱ्याला वाचवणारी बाई इतकी सुंदर, इतकी सुरेल करून दाखवली, की ती चूक करतेय असं मनातही येत नाही. बालगंधर्व जितके मोठे कलाकार, तितकी ही सिंधू डोक्यात पक्की बसली. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या सीरियल बघा, सिंधू अजून तिथेच आहे. ठिगळं तेवढी गेली.

आणि खऱ्या बायका? त्यांच्या गोष्टीतली पहिली बाई म्हणजे लक्ष्मीबाई, त्यांच्या पत्नी. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. बालगंधर्वांनी प्रयोग रद्द केला नाही, भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले. ही आठवण कलेवरच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून कायम सांगतात. मी ती किमान पाच-सहा ठिकाणी वाचली. त्या रात्री लक्ष्मीबाई कुठे होत्या, त्यांच्यासोबत कोण होतं, हे मला एकाही ठिकाणी सापडलं नाही. महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध ‘स्त्री’ ज्या घरात राहत होती, त्या घरातल्या खऱ्या स्त्रीच्या वाट्याला जेमतेम एक ओळ.

दरम्यान काळ बदलत होता. गंधर्व मंडळी निघाली त्याच 1913 मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. पण त्याच वर्षी फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढे हिराबाई बडोदेकर नाटकांत आल्या. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या. एकदा खरी बाई दिसायला लागल्यावर पुरुषाने केलेली बाई बघणं लोकांना जड जाऊ लागलं.

बालगंधर्वांनी सिनेमाही करून बघितला. 1935 चा प्रभातचा ‘धर्मात्मा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. भूमिका संत एकनाथांची, म्हणजे चक्क पुरुषाची. ते काही लोकांना पचलं नाही. प्रभातशी जमलेली जोडी त्या एका सिनेमावरच थांबली. 1937 मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्री झाले. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं. स्टेजवर आवाज आणि अंतर सांभाळून घेतं, क्लोज-अप नाही घेत. तोही चालला नाही. पुरुष म्हणून लोकांना नको, बाई म्हणून कॅमेऱ्याला नको. जी प्रतिमा त्यांनी घडवली तिने शेवटी त्यांनाच कोंडीत पकडलं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

1938 मध्ये त्यांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. विजापूरकडच्या बिळगीच्या. गायिका अमीरबाई कर्नाटकी त्यांची बहीण. गोहरबाई बालगंधर्वांची पदं हुबेहूब त्यांच्या ढंगात गायच्या. विचार करा, एक पुरुष बाई होऊन गातो आणि एक बाई त्या ‘बाई’सारखं गायला शिकते. आता नायिका गोहरबाई करू लागल्या. 1940 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, आणि 1951 मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं.

चाहत्यांना हे अजिबात आवडलं नाही. मुसलमान, गाणाऱ्या घरातली, आणि वर आमच्या देवाच्या जागेवर उभी राहणारी. गंधर्वांच्या पडत्या काळाचं खापर गोहरबाईंवर फोडलं गेलं. कर्ज आधीपासून होतं, बोलपट आधीच आले होते, वयही झालं होतं, पण दोष द्यायला बाई सापडली की बाकीचा हिशेब कोण करतं? मॅच हरल्यावर क्रिकेटरच्या बायकोला सोशल मीडियावर शिव्या घालणारे आपण, आपल्याला हे नवीन वाटायला नको.

शेवटच्या वर्षांत बालगंधर्वांचे पाय गेले होते. त्यांची सेवा गोहरबाईंनी केली. रंगमंदिराची कोनशिला 1962 मध्ये बालगंधर्वांच्याच हातून बसली. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 ला बालगंधर्व गेले आणि पुढच्या 26 जूनला रंगमंदिराचं उद्घाटन झालं.

परवा गोहरबाईंचं एक जुनं रेकॉर्डिंग सापडलं. खरखर भरपूर, पण आवाज स्वच्छ. संगीत नाटकांच्या वेड्या एका मित्राला इअरफोन दिले आणि नाव न सांगता ऐकवलं. अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, बालगंधर्व. मी म्हटलं, नीट ऐक. त्याने पूर्ण ऐकलं आणि पुन्हा म्हणाला, बालगंधर्वच.