विश्लेषण : थडगे नसलेल्या यशवंत घाडगेंची आठवण कोणी जपली?

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने किंवा रोह्याहून कोकण रेल्वेने दक्षिणेकडे निघाले की माणगाव लागते. याच तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना मारले गेले. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांचे थडगे मात्र कुठेच नाही. तरीही माणगावात आणि इटलीतील एका डोंगरी गावात त्यांची आठवण जपली जाते. ती कशी टिकली आणि जिल्ह्यातील इतर सैनिकांचे काय, याचा आढावा.

यशवंत घाडगे कोण होते?

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. तेव्हा रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत दाखल झाले आणि नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले. नाईकाच्या हाताखाली साधारण दहा जणांची तुकडी, म्हणजे सेक्शन असते. पायदळाची ही सर्वात लहान फळी. हल्ल्याचा हुकूम वरून येतो, पण जवानांना प्रत्यक्ष पुढे नेण्याचे काम नाईकाचे असते.

मराठा पलटणी वाळवंटात कशा पोहोचल्या?

इटलीच्या आधी मराठा पलटणी आफ्रिकेत लढल्या. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या रुक्ष डोंगरांत तिसऱ्या पलटणीने पिनॅकल नावाचा सुळका काबीज केला. पुढे घाडगे यांनी ज्या पलटणीतून पराक्रम गाजवला, ती हीच. लिबियात दुसऱ्या पलटणीच्या वाट्याला वेगळे नशीब आले. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले आणि सुमारे ३३ हजार सैनिक रोमेलच्या सैन्याच्या हाती लागले. त्यांत ही पलटणही होती. विजयाच्या कहाण्या गावोगाव सांगितल्या गेल्या, युद्धकैद्यांच्या मात्र फारशा कोणी विचारल्या नाहीत.

१० जुलै १९४४ रोजी काय घडले?

४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकत होते, पण प्रत्येक टेकडीवर मशीनगन रोवून पाठलाग रोखत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहाव्या भारतीय डिव्हिजनला अशीच एकेक टेकडी घ्यावी लागत होती. तिसरी मराठा पलटण याच डिव्हिजनमध्ये होती.

त्या दिवशी घाडगे यांची कंपनी एका भक्कम ठाण्यावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच उरले. मागून येणारे कोणी नाही, हे माहीत असूनही ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले. टॉमी गनने आणखी एकाला टिपले. तेवढ्यात त्यांच्या बंदुकीतील गोळ्या संपल्या.

टॉमी गनचे मॅगझिन बदलायला काही सेकंद लागतात. रिकामे काढायचे, भरलेले बसवायचे, खटका ओढायचा. समोर दोन शत्रू असताना तेवढा वेळ नव्हता. घाडगे यांनी सुमारे पाच किलो वजनाची ती बंदूक नळीकडून पकडली आणि तिच्या दस्त्याने दोघांनाही ठार केले. ठाणे हाती आले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडले.

व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा २ नोव्हेंबर १९४४ रोजी झाली. १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर व्हाइसरॉय वेव्हेल यांच्याकडून त्यांच्या पत्नीने ते पदक स्वीकारले.

मग त्यांचे नाव कुठे कोरले आहे?

इटलीतील कॅसिनो येथे युद्ध स्मशानभूमी आहे. तिथल्या स्मारकावर थडग्याचा ठावठिकाणा नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यांत नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे. ते जिथे पडले, ती जागा मात्र तिथून बरीच उत्तरेला आहे.

माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावाने उत्सव भरतो. पलटणीचे नाव मात्र बदलले. १९४६ मध्ये तिचे छत्रीधारी पलटणीत रूपांतर झाले आणि १९५२ मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, टू पॅरा (मराठा) झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगाईल येथे विमानांतून उतरली, ती हीच पलटण.

इटलीत स्मारक कोणी उभारले?

जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील मोंतोने गावात घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभे राहिले. पुढाकार होता गावच्या पालिकेचा आणि इटालियन लष्करी इतिहास अभ्यासकांचा. ज्यांच्या भूमीवर ही लढाई झाली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी एका परक्या सैनिकाची आठवण जपायचे ठरवले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा स्मारकावरील बोधवाक्याचा आशय आहे. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक उतरले होते. त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत.

युद्धातील वाहनांचे जतन कुठे होते?

सूर्याच्या सावलीचा वापर वाळवंटातील सैनिकही करत. १९४० मध्ये कैरोत राल्फ बॅग्नोल्ड यांनी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभारला. ट्रकच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकते, म्हणून हे पथक सावली पाडणाऱ्या काडीचे सूर्य-होकायंत्र वापरी. पथकाचा एक शेव्हरोले ट्रक १९८० मध्ये लिबियाच्या वाळवंटातून परत आणण्यात आला. तो लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये गंजलेल्या अवस्थेतच जपला आहे.

अशी वाहने पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन जातीचे रणगाडे तिथे आहेत.

पेण-रोह्यातील कुटुंबांनी काय करावे?

घाडगे यांना पदक मिळाले, म्हणून त्यांची नोंद राहिली. पदक न मिळालेल्यांच्या खुणा बहुधा घरातील ट्रंकेतच असतात. शोध घेताना पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

• सैनिक युद्धात मारला गेला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. अनेक भारतीय नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते.

• जिल्हा रायगड नव्हे, तर कुलाबा असा शोधावा. नाव १९८१ मध्ये बदलले. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगेही दोन-तीन प्रकारे तपासावीत.

• सैनिक परत आला असेल, तर त्याची नोंद या संकेतस्थळावर मिळणार नाही. मराठा पलटणीतील जवान असल्यास बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडील अभिलेख कार्यालयात सैनिक क्रमांकासह चौकशी करावी.

• पदकाची फीत पाहावी. सहा टोकांच्या ताऱ्याला वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा असलेली फीत असेल, तर तो आफ्रिका स्टार. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतील, तर इटली स्टार.

• पदके घासूनपुसून चकचकीत करू नयेत आणि डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नये. आधी फोटो काढून ठेवावेत. त्या माणसाला ओळखणारे कोणी घरात हयात असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात. कागद आणखी काही वर्षे टिकतील, आठवणींचा तेवढा भरवसा नाही.