सार्वजनिक काका

मुलांनो, सगळं गाव एखाद्या माणसाला काका म्हणतं, असं तुम्ही कधी ऐकलंय का? गणेश वासुदेव जोशी हे असेच काका होते. त्यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यात झाला. पुढे ते पुण्यात वकिली करू लागले.

तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं. लोकांच्या अडचणी सरकारला सांगणार कोण? म्हणून १८७० मध्ये काकांनी पुढाकार घेऊन पुणे सार्वजनिक सभा सुरू केली. ही सभा लोकांच्या तक्रारी लिहून सरकारकडे पाठवायची. त्यामुळेच त्यांना सार्वजनिक काका हे नाव पडलं.

काका स्वतः सूत कातायचे आणि खादी वापरायचे. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेमहाराजे थाटामाटात आले होते. काका मात्र तिथेही साध्या खादीतच गेले!

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांना सरकारविरुद्ध बंड केल्याबद्दल पकडलं. पुण्यात खटला उभा राहिला. सरकारच्या भीतीने वकील पुढे येईनात. काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा होता, तर फडक्यांनी हाती शस्त्र घेतलं होतं. तरीही काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं.

फडक्यांना जन्मठेप झाली. त्यांना दूर एडनच्या तुरुंगात पाठवलं. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, काका वारले.

खटल्याचा निकाल फडक्यांच्या विरुद्ध गेला. मग काकांची मेहनत वाया गेली का? तुम्हाला काय वाटतं? घरी आई-बाबांशी बोला आणि चार वाक्यं लिहा.