स्मृती मोजणारा विद्वान

पाठ केलेली कविता दुसऱ्या दिवशी अर्धीमुर्धीच का आठवते, हा प्रश्न शाळेच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. पूर्वी पंतोजी छडी उगारीत, मुले पुन्हा घोकू लागत आणि प्रश्न तेथेच राही. विस्मरणालाही काही नियम असेल व तो आकड्यांनी मांडता येईल, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने प्रथम दाखविले.

एबिंगहाउस यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी बार्मेन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. बॉन विद्यापीठात शिकत असता १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले, तेव्हा ते सैन्यात गेले. परत आल्यावर १८७३ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानातील पदवी मिळविली. पुढे इंग्लंड व फ्रान्स या देशांत शिकवण्या करून ते निर्वाह करीत. त्या दिवसांत फेख्नर यांचा एक ग्रंथ त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडला, असे सांगतात. मनुष्याच्या संवेदना मोजता येतात, असे त्यात प्रतिपादन होते. संवेदना मोजता येते, तर स्मृती का मोजता येऊ नये, या विचाराने त्यांच्या मनात घर केले. वुंट यांच्यासारख्या थोर मानसशास्त्रज्ञालाही असे उच्च मनोव्यापार प्रयोगाच्या कक्षेबाहेरचे वाटत.

एबिंगहाउस यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना साहाय्यक. त्यांनी स्वतःवरच प्रयोग आरंभिले. ओळखीचे शब्द लवकर पाठ होतात. म्हणून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. मराठीत सांगायचे तर झुफ, बेझ, टीख अशांसारखे! त्यांच्या याद्या ठराविक तालावर मोठ्याने वाचावयाच्या, न चुकता म्हणता येईपर्यंत घोकावयाच्या आणि लागलेला वेळ टिपून ठेवावयाचा, असा त्यांचा क्रम असे. १८७९-८० मध्ये हे काम झाले आणि खात्रीसाठी १८८३-८४ मध्ये त्यांनी ते पुन्हा केले. इतके रूक्ष पाठांतर स्वखुशीने करणारा मनुष्य विरळाच.

सात समूह एका वाचनात पाठ होत, पण बारांसाठी सुमारे १७ आवृत्त्या लागत. विसरण्याचे माप त्यांनी मोठ्या युक्तीने काढले. विसरलेली यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचतो, हे ते पाहत. एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के वेळ वाचे. म्हणजे विस्मरण आरंभी झपाट्याने होते व नंतर मंदावते. पाठांतर एकाच बैठकीत न उरकता काही दिवसांत वाटून घेतले, तर कमी आवृत्त्यांत भागते, हेही त्यांना आढळले.

१८८५ मध्ये हे सारे स्मृतीवरील एका ग्रंथात प्रसिद्ध झाले. तो दोनशे पानांचाही नव्हता. त्याचा गौरव झाला आणि पुढच्याच वर्षी बर्लिन विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. १८९० मध्ये त्यांनी क्योनिग यांच्यासह मानसशास्त्राचे एक नियतकालिकही काढले. तथापि त्यांचे स्वतःचे लेखन थोडेच राहिले. वुंट यांच्या लेखनाची पाने पन्नास हजारांवर भरतात. त्यापुढे एबिंगहाउस यांची पुस्तके एका फळीवर मावतील. १८९४ मध्ये बर्लिनमधील वरचे पद त्यांना डावलून कार्ल श्टुम्फ यांना देण्यात आले. अल्प लेखन हेच त्याचे कारण असावे, असे मानले जाते. विद्वत्तेचे माप पानांच्या संख्येने करणे न्यायाचे नव्हते; परंतु एबिंगहाउस यांनी ब्रेस्लाउ येथील पद स्वीकारले व काम चालू ठेवले. ते नगर आता पोलंडमध्ये आहे.

तेथील शाळांत सकाळी सलग पाच तास शिकविल्याने मुले थकतात काय, हा वाद चालला होता. त्याच्या तपासासाठी एबिंगहाउस यांनी मधले शब्द व अक्षरे गाळलेला उतारा मुलांकडून पुरा करून घेतला. १८९७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. पुढे फ्रान्सच्या बिने यांनी आपल्या बुद्धिमापन चाचणीत ती घेतली. आज गाळलेल्या जागा भरताना एबिंगहाउस यांचे नाव कोणाच्या ध्यानी येत नाही.

१९०५ मध्ये ते हाल येथे गेले. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये हॉलंडमधील दोघा संशोधकांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी एकाने सुमारे ७० तास बसून तशाच निरर्थक याद्या पाठ केल्या होत्या. त्यांच्या आकड्यांवरून काढलेली रेषा एबिंगहाउस यांच्या रेषेशी बहुतांशी जुळली.